बिबट्या दिसला, पण कोणाच्या काचेतून?

नोव्हेंबर २०२० चे शेवटचे दिवस आष्टी तालुका अजून विसरलेला नाही. सुरुडी, किन्ही या गावांत बिबट्याने माणसे मारली आणि कड्याच्या आसपासच्या वाड्या-वस्त्या दिवस मावळायच्या आत दारे लावून बसू लागल्या. रब्बीचे दिवस, शेतीपंपाची वीज रात्रीची, आणि पाणी धरायला जायचे तर हातात बॅटरी आणि काठी एवढेच. वन विभागाने पिंजरे लावले, पथके उतरवली. पण बॅटरीचा झोत पोचतो तिथवरच माणसाला दिसते आणि बिबट्याला मात्र तो झोत लांबूनच दिसतो. अखेर डिसेंबरात शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात या हल्ल्यांमागचा मानला गेलेला बिबट्या गोळीला बळी पडला, तेव्हा दोन्ही तालुक्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

पाच वर्षांनी, ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पिंपरखेडवर तशीच वेळ आली. थोड्या दिवसांच्या अंतराने तीन जीव गेले, त्यात दोन लहान मुले होती. या वेळी पथकाकडे थर्मल ड्रोन होता. रात्रीच्या अंधारात पडद्यावर पांढरट ठिपका हलला आणि बिबट्याची जागा कळली. बेशुद्धीचे इंजेक्शन चुकल्यावर त्याला गोळी घालावी लागली. माणूस आणि बिबट्या यांच्या झगड्यात चूक कोणाची, हा वाद वेगळा आणि मोठा आहे. अंधारात प्राणी नेमका कुठे आहे हे कळले तर माणूसही वाचतो आणि अनेकदा बिबट्याही, एवढे मान्य व्हायला हरकत नाही. म्हणूनच आता जिल्ह्याजिल्ह्यांतून थर्मल कॅमेऱ्यांची मागणी होते आहे. त्यांची किंमत, उड्डाणाचा वेळ, पल्ला यांची चर्चा होते. त्या कॅमेऱ्याच्या पुढच्या भिंगाबद्दल मात्र कोणी विचारत नाही. खरी अडचण तिथेच आहे, कारण ते भिंग काचेचे नसते आणि काचेचे असूही शकत नाही.

प्रत्येक उबदार वस्तूमधून डोळ्यांना न दिसणारे किरण सतत बाहेर पडत असतात. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि तांबड्या रंगाच्याही पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते तिथे थर्मामीटर ठेवला. पारा चढला. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. माणसाच्या किंवा बिबट्याच्या अंगातून निघणाऱ्या किरणांचा भर असतो नऊ-साडेनऊ मायक्रॉनच्या आसपास. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हवेतून ८ ते १४ मायक्रॉनचे किरण फारशी अडवणूक न होता जातात, हा निसर्गाने दिलेला सोयीचा योगायोग आहे. त्यामुळे शंभर-दोनशे मीटर उंचीवरच्या ड्रोनलाही जमिनीवरची ऊब टिपता येते.

या किरणांचा अनुभव आष्टी तालुक्याने त्याच २०२० साली आधीही घेतला होता. एप्रिल-मे महिन्यांत परगावच्या कारखान्यांवरून ऊसतोड कामगार कुटुंबांसह परतले, तेव्हा त्यांच्या कपाळासमोर जे पिस्तुलासारखे यंत्र धरले जाई, तेही अंगातून निघणारे अवरक्त किरणच मोजत होते. ते यंत्र अंगात काही सोडत नाही, फक्त अंगातून येणारे घेते. त्या वेळी उठलेल्या ‘डोक्यात किरण मारतात’ वगैरे अफवांना म्हणून काही अर्थ नव्हता. यंत्राला मर्यादा मात्र होत्या. कपाळाची त्वचा शरीराच्या आतल्या भागापेक्षा थंड असते आणि यंत्र त्यात अंदाजाची भर घालून आकडा दाखवते. उन्हातून चालत आलेल्या माणसाला ताप दिसायचा आणि ताप असून घाम आलेला माणूस सुटायचा. पुढच्या छोट्या भिंगावर धूळ किंवा बोटांचे तेल बसले की आकडा आणखी घसरायचा, आणि गावच्या वेशीवर उन्हात उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला हे सांगायला फारसे कोणी गेले नाही.

आता काचेकडे वळू. खिडकीची काच आपल्याला पारदर्शक वाटते, पण अवरक्त किरणांसाठी ती भिंत आहे. तीन-चार मायक्रॉनच्या पुढचे किरण काच जवळजवळ पूर्णपणे गिळून टाकते. थर्मल कॅमेरा घेऊन बंद काचेच्या खिडकीबाहेर पाहिले तर अंगणातली गाय दिसत नाही, काचेचे स्वतःचे तापमान आणि त्यात पडलेले पाहणाऱ्याचेच धूसर प्रतिबिंब दिसते. उलट कचऱ्याची पातळ काळी पिशवी डोक्यावरून घेतली तर साध्या डोळ्यांना चेहरा दिसत नाही, थर्मल कॅमेऱ्याला मात्र बऱ्यापैकी दिसतो. कारण ते पातळ पॉलिथिन या किरणांना वाट देते. माणूस येताच आपोआप लागणाऱ्या दिव्याच्या पुढे दुधी प्लास्टिकची छोटी टोपी असते, तीही याच जातीची. पण स्पष्ट चित्र हवे, ऊन-पाऊस सोसायचे आणि चरा पडू द्यायचा नाही, म्हटल्यावर प्लास्टिक कामाचे राहत नाही.

मग काय वापरायचे? सर्वांत जुने उत्तर स्वयंपाकघरातले आहे. १८३० च्या दशकात इटलीच्या मॅचेदोनिओ मेल्लोनी याने सैंधवाचे, म्हणजे खनिज मिठाचे लोलक आणि भिंगे करून उष्णतेच्या किरणांचा अभ्यास केला. मिठाचा स्वच्छ स्फटिक अवरक्त किरणांना छान वाट देतो. आजही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्राचे विद्यार्थी पदार्थाचा अवरक्त आलेख काढताना तो पोटॅशियम ब्रोमाइड या मिठाच्याच भावंडात खलून त्याची चकती दाबतात. अडचण सगळ्या घरांना ठाऊक आहे. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते.

म्हणून सध्याच्या थर्मल कॅमेऱ्यांचा मोठा भार जर्मेनियमवर आहे. हे करड्या रंगाचे, धातूसारखे चमकणारे मूलद्रव्य. डोळ्यांना ते पोलादाच्या चकतीइतके अपारदर्शक दिसते, पण २ ते १४ मायक्रॉनच्या किरणांना त्यातून आरपार जाता येते. त्यावर खास लेप द्यावा लागतो, नाहीतर निम्म्याहून अधिक किरण पृष्ठभागांवरूनच परत जातात. ते फार तापले, शंभर अंशांच्या वर गेले, की त्याची पारदर्शकता ढासळते. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, जर्मेनियमची स्वतंत्र खाण जवळपास नसतेच. जस्ताच्या खनिजातून आणि काही ठिकाणी कोळशाच्या राखेतून ते अल्प प्रमाणात काढावे लागते. जगातील शुद्ध जर्मेनियमचा मोठा वाटा चीन पुरवतो. जुलै २०२३ मध्ये चीनने जाहीर केले की १ ऑगस्टपासून गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीला परवाना लागेल. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेला ही निर्यात बंदच केली आणि नंतर २०२५ च्या नोव्हेंबरात ती बंदी काही काळासाठी स्थगित केली. या दोन वर्षांत जर्मेनियमचे भाव भडकले. भारताच्या खाण मंत्रालयाने जून २०२३ मध्ये ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली, तीत जर्मेनियम आहे, आणि त्यासाठी देश पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे. पिंपरखेडच्या उसाच्या कडेला रात्री उडणाऱ्या ड्रोनची दृष्टी अशी बीजिंगच्या एका परवान्याशी बांधली गेली आहे. कड्यापासून तासाभराच्या वाटेवर अहिल्यानगरला लष्कराचे चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि डीआरडीओची वाहन संशोधन संस्था आहे. रात्रीच्या अंधारात नेम धरणाऱ्या रणगाड्यांच्या तोफचीलाही असाच डोळा लागतो. वनरक्षक आणि तोफची यांची गरज येथे एकच आहे.

जर्मेनियमला पर्याय म्हणून जी नावे घेतली जातात, त्यांत पारदर्शक सिरॅमिक हे नाव सर्वांत आकर्षक आहे. सिरॅमिक म्हटले की कपबशी, फरशी, विजेच्या खांबावरची चिनी मातीची चिमणी आठवते. यातून आरपार दिसेल यावर सहज विश्वास बसत नाही. पण ते अपारदर्शक का असते, हे पाहिले तर कोडे सुटते. बर्फाची लादी स्वच्छ असते, तिच्यातून पलीकडचे दिसते. तीच लादी खिसून गोळा केला की पांढरीफेक होते. बर्फ तोच, फक्त आता त्याच्या कणाकणांत हवा शिरली आहे आणि प्रकाश प्रत्येक कणाच्या कडेवर वाकून विखुरतो. भज्यांचा कागद याच्या उलट उदाहरण. कोरा कागद अपारदर्शक असतो, तेल मुरले की त्याच्या धाग्यांमधील हवेची जागा तेल घेते आणि कागदाखालची अक्षरे दिसू लागतात. सिरॅमिकमध्येही भुकटीचे बारीक कण भाजून एकजीव केलेले असतात आणि कणांमध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात. त्या पोकळ्या दहा हजारांत एका भागापेक्षाही कमी करता आल्या, तर सिरॅमिक काचेसारखे स्वच्छ होते. दुसरी अट अशी की कणातील अणूंची रचना सर्व दिशांनी सारखी हवी, नाहीतर एका कणातून दुसऱ्यात जाताना प्रकाश पुन्हा वाकतो.

पहिले यश अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकाच्या शेवटी मिळाले. रॉबर्ट कोबल या संशोधकाने ॲल्युमिनाच्या भुकटीत चिमूटभर मॅग्नेशियम ऑक्साइड घातले. त्यामुळे भाजताना पोकळ्या कणांच्या पोटात अडकून न पडता कडेने निघून गेल्या आणि दुधी पण प्रकाश आरपार सोडणारे सिरॅमिक तयार झाले. ल्युकॅलॉक्स नावाने ते बाजारात आले. त्याचा उपयोग कुठे झाला, हे रात्री एसटीने प्रवास केलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. एलईडी येण्यापूर्वी चौकाचौकांत पिवळ्या-केशरी उजेडाचे सोडियमचे दिवे होते. तापलेली सोडियमची वाफ काच खाऊन टाकते, म्हणून त्या दिव्याच्या आत बोटाएवढी नळी असे, ती याच सिरॅमिकची. कित्येक वर्षे हा पदार्थ लोकांच्या डोक्यावर जळत होता आणि त्याचे नाव कोणाला ठाऊक नव्हते.

अवरक्त खिडक्यांची गोष्ट याच सुमारास सुरू झाली आणि ती युद्धाच्या गरजेतून आली. विमानाच्या तापलेल्या इंजिनाचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्राच्या नाकावर अशी टोपी हवी होती जी अवरक्त किरणांना आत येऊ देईल आणि वेगाच्या उष्णतेने तडकणार नाही. फोटोची फिल्म विकणाऱ्या कोडॅक कंपनीने मॅग्नेशियम फ्लोराइडची भुकटी गरम दाबाखाली घट्ट करून ती बनवली. पुढे त्याच मालिकेत झिंक सल्फाइडही आले.

क्षेपणास्त्रासाठी शोधलेल्या वस्तू दवाखान्यात पोचायला वेळ लागला, पण त्या पोचल्या. क्षेपणास्त्रांच्या अवरक्त यंत्रणेसाठी नासासोबत सेराडाइन या कंपनीने तयार केलेले अर्धपारदर्शक ॲल्युमिना १९८० च्या दशकात दातांच्या डॉक्टरांनी उचलले. वाकडे दात सरळ करण्याच्या तारांखाली दाताला चिकटवतात ती जवळजवळ न दिसणारी कडी त्यातून आली. शहरातील तरुण मुली आज ‘मेटलची नको, सिरॅमिकची लावा’ असे सांगतात, त्यामागे हा इतिहास आहे. त्याहून महत्त्वाचे काम सीटी स्कॅनच्या यंत्रात होते. शरीराच्या आरपार आलेले क्ष-किरण टिपायला यंत्राच्या कड्यात छोट्या-छोट्या पट्ट्या असतात. क्ष-किरण पडताच त्या चमकतात आणि ती चमक मोजून चित्र तयार होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून या पट्ट्या गॅडोलिनियम, इट्रियम अशा दुर्मीळ मूलद्रव्यांच्या पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक सिरॅमिकच्या बनू लागल्या. पट्टी जितकी स्वच्छ आणि चमक जितकी लवकर विझणारी, तितके कमी किरणोत्सर्गात चांगले चित्र. अपघातात डोक्याला मार लागलेल्या माणसाला घेऊन नातेवाईक नगरला धावतात, तेव्हा डॉक्टर ज्या चित्राची वाट पाहतात ते या सिरॅमिकमधून उमटलेले असते.

भारतात या विषयावर काम होत नाही असे नाही. हैदराबादची एआरसीआय ही केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची संस्था चूर्ण धातुशास्त्र आणि नव्या पदार्थांवर काम करते. २०२१ मध्ये तिने मॅग्नेशियम ॲल्युमिनेट स्पायनेल या पदार्थाचे पारदर्शक सिरॅमिक तयार केल्याचे जाहीर झाले. भुकटी द्रवात समान मिसळून साचा घालायचा आणि मग उष्णता व दाब एकाच वेळी द्यायचा, अशी ही रीत. दिसणाऱ्या प्रकाशासाठी ७५ टक्क्यांहून आणि अवरक्त किरणांसाठी ८० टक्क्यांहून अधिक पारदर्शकता मिळाली. स्पायनेल म्हणजे रत्नपारख्यांचा जुना परिचित. ब्रिटिश राजमुकुटातील प्रसिद्ध ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ हे प्रत्यक्षात माणिक नसून स्पायनेल आहे. त्याची अणुरचना सर्व दिशांनी सारखी, त्यामुळे ते ॲल्युमिनापेक्षा अधिक स्वच्छ होते. शिवाय काचेपेक्षा कितीतरी कठीण. शिरस्त्राणाची काच, चेहऱ्याची ढाल, चष्मे आणि थर्मल इमेजिंग असे उपयोग तेव्हा सांगण्यात आले.

यातील शेवटच्या उपयोगापाशी थोडे थांबायला हवे, कारण बातमी वाचणाऱ्याचा येथे सहज गैरसमज होतो. स्पायनेल साडेपाच-सहा मायक्रॉनपर्यंतच पारदर्शक आहे. ३ ते ५ मायक्रॉनच्या पट्ट्यात पाहणारे थर्मल कॅमेरे असतात. ते तापलेल्या इंजिनाचा, ज्वाळांचा माग उत्तम काढतात. पण त्यांतील संवेदक उणे तापमानाला थंड ठेवावा लागतो, त्यामुळे ते महाग आणि मुख्यतः लष्कराच्या उपयोगाचे. वन विभागाच्या ड्रोनवर, महावितरणच्या उपकेंद्रातील सैल जोड शोधणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातात, अग्निशमन दलाच्या जवानाकडे जो स्वस्त कॅमेरा असतो तो ८ ते १४ मायक्रॉनमध्ये पाहतो. तिथे स्पायनेल काचेइतकेच आंधळे आहे. जवळजवळ सगळ्याच ऑक्साइड सिरॅमिकची ही मर्यादा आहे. ऑक्सिजनचे हलके अणू धातूच्या अणूंशी घट्ट बांधलेले असतात आणि लांब तरंगांची ऊर्जा स्वतःच्या कंपनात शोषून घेतात. प्रयोगशाळेत कितीही कौशल्य ओतले तरी हे बदलत नाही. हैदराबादच्या यशाचे मोल याने कमी होत नाही, पण ‘देशी पारदर्शक सिरॅमिक आले, आता थर्मल कॅमेरा स्वस्त होणार’ असा निष्कर्ष कोणी काढत असेल तर तो चुकीचा आहे.

बिबट्या पाहायचा तर ऑक्सिजनच्या जागी गंधक किंवा सेलेनियम यांसारखे जड भावंड लागते. झिंक सल्फाइड हे त्यातले सर्वांत उपयोगी सिरॅमिक. जस्ताची वाफ आणि हायड्रोजन सल्फाइड हा कुजक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू तापलेल्या भट्टीत एकत्र आणले की पृष्ठभागावर झिंक सल्फाइडचा थर चढतो. हा थर तासाला मिलिमीटरचा दहावा भागही वाढत नाही. सेंटिमीटरभर जाडी हवी तर भट्टी आठवडाभर अखंड चालू ठेवावी लागते, आणि मध्ये वीज गेली तर माल वाया. नंतर तो कापायचा, घासायचा, लेप द्यायचा. याच कुळातील झिंक सेलेनाइडचे पिवळे भिंग पुष्कळांनी नकळत पाहिले आहे. नावाच्या पाट्या आणि लग्नपत्रिकांचे नक्षीकाम कापणाऱ्या लेझर यंत्रात ते असते, आणि त्वचेवरच्या शस्त्रक्रियांच्या कार्बन डायऑक्साइड लेझरमध्येही. तिसरा मार्ग गंधक-सेलेनियमयुक्त चाल्कोजेनाइड काचेचा. ती साच्यात दाबून भिंग करता येते, त्यामुळे मोठ्या संख्येने बनवायला सोपी. त्यात जर्मेनियम असते, पण शुद्ध जर्मेनियमच्या भिंगापेक्षा पुष्कळ कमी, काही प्रकारांत तर नसतेच.

झिंक सल्फाइडला लागणारे जस्त भारताकडे मुबलक आहे. राजस्थानातील खाणी जगातील मोठ्या जस्त खाणींमध्ये गणल्या जातात. गंधक तर तेलशुद्धीकरणातून टाकाऊ म्हणून निघते. म्हणजे कच्चा माल घरचा आणि त्यापासून बनलेली खिडकी मात्र बाहेरची, अशी ही स्थिती आहे. दोष शास्त्रज्ञांवर टाकणे सोपे आणि अन्यायाचे होईल. नमुना तयार करणे हे प्रयोगशाळेचे काम. एकसारख्या हजार चकत्या बनवणे, त्यांतील खराब किती निघतात ते मोजणे आणि दर महिन्याला तेच करत राहणे हे कारखान्याचे काम असते, आणि कारखाना मागणी असल्याशिवाय उभा राहत नाही. लष्कराची मागणी ठरावीक, गुप्त आणि टप्प्याटप्प्याने येणारी असते. तेवढ्यावर खाजगी उद्योजक भट्टी पेटवत नाही.

नागरी मागणी मात्र आता समोर दिसते आहे. बिबट्याप्रवण तालुक्यांतील वन विभाग, वीज कंपन्या, साखर कारखान्यांचे बॉयलर, अग्निशमन केंद्रे, तालुक्याची रुग्णालये, या सगळ्यांना मिळून दर वर्षी किती अवरक्त भिंगे लागतात याची एकत्र मोजदाद राज्य सरकारने केली तर उद्योजकाला हिशेब मांडता येईल. आज प्रत्येक कार्यालय स्वतंत्र निविदा काढते आणि ‘कॅमेरा, नग दोन’ अशी एक ओळ लिहिते. भिंग कोणत्या पदार्थाचे, त्यावर लेप कोणता, चरा पडला तर बदलून किती दिवसांत मिळेल, हे त्या ओळीत नसते. मग वर्षभरात धुळीने आणि कर्मचाऱ्याच्या खिशातील रुमालाने लेप खरवडला जातो आणि यंत्र कपाटात जाते. सरकारी कपाटांत अशी किती यंत्रे झोपली आहेत, हे त्या-त्या कार्यालयातील भांडारपालालाच विचारावे.

केंद्राने जानेवारी २०२५ मध्ये महत्त्वाच्या खनिजांसाठी राष्ट्रीय मोहीम मंजूर केली. तीत खाणींच्या लिलावाबरोबर टाकाऊ मालातून खनिजे परत मिळवण्याचाही समावेश आहे. जर्मेनियमच्या बाबतीत हा दुसरा भागच अधिक महत्त्वाचा ठरेल. जस्त गाळल्यावर उरणारा गाळ, औष्णिक वीज केंद्रांची राख आणि फुटलेली जुनी भिंगे यांतून जे निघेल ते थोडे असेल, पण ते देशाचे असेल. मोडीत गेलेल्या थर्मल कॅमेऱ्याचे भिंग भंगारात किलोच्या भावाने जाऊ नये, एवढी खबरदारी तर उद्यापासूनही घेता येते.

थर्मल कॅमेऱ्याकडून चमत्काराची अपेक्षाही ठेवू नये. तो पानांच्या आरपार पाहत नाही. वाढलेल्या उसात शिरलेला बिबट्या त्यालाही बहुधा दिसत नाही, तो उसाच्या बाहेर पडला तरच टिपला जातो. मराठवाड्यातील मे महिन्याच्या दुपारी खडक आणि माती जनावराच्या अंगापेक्षा अधिक तापलेली असते, तेव्हा पडद्यावर सगळेच पांढरे दिसते. पहाटेची थंड वेळ त्याची खरी. थंडीत आष्टी तालुक्यात रात्रीचे तापमान उतरते, जमीन निवते आणि उबदार अंग उठून दिसते. कांद्याला पाणी देण्याचे दिवसही नेमके तेच असतात. शेतीपंपाला दिवसा वीज देण्याचे आश्वासन सौर योजनांतून पूर्ण होत गेले, तर शेतकऱ्याला त्या वेळी शेतात जावेच लागणार नाही, आणि तो उपाय कोणत्याही भिंगापेक्षा स्वस्त पडेल. तोवर कड्याच्या आसपासच्या वस्त्यांवर रात्री मोटर चालू करायला निघालेल्या माणसाच्या हातात बॅटरीच आहे.